चारपैकी किती

माझा स्वभाव संशयी आहे हे मला फार लवकर कळलं, आणि त्याची मला बरीच वर्षं लाजही वाटली नाही. मार्कलिस्ट हातात आली की वर्गातली पोरं आधी शेवटचा आकडा बघायची. मी आधी बेरीज करायचो. सगळे विषय एकदा वरून खाली, मग खालून वर. बेरीज कधीही चुकलेली निघाली नाही. तरी पुढच्या परीक्षेला मी पुन्हा करायचो, कारण बरोबर आली याचं समाधान व्हायच्या ऐवजी चूक आपल्याला सापडत नाहीये असंच वाटत राहायचं.

हे उगाच आलेलं नव्हतं. आमचं घर गडमुडशिंगीला, बौद्ध वस्तीत. आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला, वडिलांनी आयटीआय केलं, आणि मी सायन्सला जाऊन बारावीला चांगले मार्क पाडले. निकाल लागला त्या दिवशी कॉलेजच्या बोर्डासमोर माझ्या मागे उभा असलेला एक जण, मला नीट ऐकू येईल अशा बेताने, म्हणाला, "ह्यांस्नी काय, कमीत बी चालतंय की." माझे मार्क त्याच्यापेक्षा अकराने जास्त होते. मी मागे वळून ते सांगितलं नाही, आणि ते मला अजून डाचतं. त्या दिवसापासून मार्कलिस्टची झेरॉक्स मी वहीत घडी घालून ठेवायला लागलो. कुणी विचारलंच तर दाखवायची म्हणून. पण लोक विचारत नाहीत, नुसते बघतात. नुसतं बघणाऱ्याला झेरॉक्स कशी दाखवणार? ती झेरॉक्स घड्यांवर फाटली, की मी दुसरी काढायचो.

असा मी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आलो. दोन हजार सालाच्या आसपासची ती वर्षं. राजारामपुरीत गल्लोगल्ली इंटरनेटची दुकानं निघाली होती आणि आमच्या वर्गात दोघांच्या डोक्यात अमेरिका शिरली होती. त्यातला एक मी. मला तिथे जाऊन पीएच.डी. करायची होती, हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की माझं आडनाव ऐकल्यावर ज्याला काहीही कळणार नाही अशा माणसाच्या हाताखाली मला एकदा तरी काम करून बघायचं होतं. त्यासाठी मी एकच विद्यापीठ हेरलं होतं. माझ्या विषयाचं काम तिथे चालायचं आणि शिष्यवृत्तीचीही सोय होती. तिथे झालं तर झालं, नाहीतर मुकाट्याने एखाद्या कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटायचं, असं घरी ठरलं होतं.

अर्जाचा कागद मी राजारामपुरीतल्या दुकानात छापून घेतला. नाव, गाव, जन्मतारीख, सगळं सरळ होतं. तिसऱ्या पानावर एक बोटभर चौकोन होता. तुमची ग्रेड पॉइंट अ‍ॅव्हरेज लिहा, चारपैकी. खाली बारीक अक्षरात तीन वाक्यं. हा आकडा तीनच्या खाली असेल तर अर्ज विचारात घेतला जाणार नाही. माहिती खोटी आढळली तर अर्ज रद्द होईल. आणि हाच आकडा तुमच्या विभागप्रमुखांनी स्वतंत्रपणे काढून शिफारसपत्रासोबत बंद पाकिटात द्यावा; पाकिटाच्या जोडावर सही आणि शिक्का हवा, विद्यार्थ्याने ते वाचू नये, उघडलेलं पाकीट चालणार नाही.

आम्ही जन्मभर शंभरात मोजलेली माणसं. शंभरपैकी किती, एवढंच आम्हाला कुणी विचारलेलं. हे चार कुठून आले, आणि त्या चारात आपण किती, हे मला त्या दुकानात उभ्या उभ्या कळेना. मी घरी आलो, सगळ्या मार्कलिस्टा जमिनीवर मांडल्या आणि गणित केलं. सगळं मिळून माझे अडुसष्ट पॉइंट दोन टक्के होते. शंभराचे चार करायचे म्हणजे पंचवीसने भागायचं. उत्तर आलं दोन पॉइंट त्र्याहत्तर.

मी पुन्हा भागलं. तेच आलं.

वडील, म्हणजे आबा, कामावरून येऊन चहा पीत बसले होते. ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात तपासनीस होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक भाग गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर त्याला लाल ठिपका द्यायचा. आयुष्यात त्यांनी इतके ठिपके दिले होते, की माणसाकडे बघतानाही ते आधी कुठे बसत नाही तेच बघायचे. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"किती पायजे म्हणालास?"

"तीन."

"आणि आपलं हाय किती?"

"दोन पॉइंट त्र्याहत्तर."

"मग न्हाय बसत," आबा म्हणाले, आणि बशीतला चहा संपवला.

मला असा राग आला म्हणता! पोरगा सात समुद्रापलीकडे जायचं म्हणतोय, आणि बाप लाल ठिपका देऊन मोकळा. पण त्यांच्या म्हणण्यात मला खोट काढता येईना. गणित गणित होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या इंटरनेटच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, असं सरळ भागायचं नसतं पावणं, वर्गात पहिला आलेल्याला चार धरायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याशी आपलं मोजायचं. आमच्यात पहिल्या आलेल्याला चौऱ्याहत्तर टक्के होते. मी तिथेच कागद घेतला. तीन पॉइंट एकोणसत्तर. एका दिवसात मी जवळजवळ पूर्ण एकने वाढलो होतो आणि केलं काहीच नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात पाल चुकचुकली, की हा माणूस मला हवं ते सांगतोय, कारण मी त्याचं गिऱ्हाईक आहे.

वर्गातला दुसरा अमेरिकावाला माझा मित्र होता. कागलकडच्या गावचा, घरची शेती आणि आठ म्हशी. सकाळी डेअरीत दूध घालून तो मोपेडवरून कॉलेजला यायचा आणि त्याच्या वहीलाही दुधाचा वास यायचा. तोही त्याच विद्यापीठाला अर्ज करत होता. त्याला त्रेसष्ट टक्के होते. कँटीनमध्ये मी त्याला हळूच विचारलं, तू काय लिहिलंस?

"तीन पॉइंट आठ," तो आवाज जराही खाली न आणता म्हणाला.

"कसं काय?"

"आरं, परदेशात पाठवत्यात त्या मार्गदर्शनवाल्याकडं मी गेलतो. त्यो म्हणतोय, पहिला वर्ग म्हंजे ए, आणि ए म्हंजे चार. तिकडं नव्वद पडत्यात त्याला आपल्याकडं साठ पडत्यात. आपली मास्तरं हात राखून मार्क देत्यात, हे त्यांस्नी बी ठावं हाय म्हणं."

"मग चार का नाही लिहिलंस?"

"चार लई डोळ्यावर येतंय की मर्दा. तीन पॉइंट आठ कसं, बघणाऱ्याला बी बरं वाटतंय."

मी हसलो, आणि हसता हसता माझं डोकं कामाला लागलं. हा मला एवढं मोकळेपणाने का सांगतोय? एका कॉलेजातून ते दोघांना घेणार नाहीत हे याला माहीत असेल. आपण दोघांनी फुगवून लिहायचं, आणि नेमका माझाच अर्ज तपासायला निघायचा. त्याचं सापडलं तर म्हणतील, पोरगा घाईत चुकला. माझं सापडलं तर काय म्हणतील हे मी बारावीच्या बोर्डासमोर ऐकलेलं होतं. मित्राने दोन वडे खाल्ले, मला एक दिला, आणि तो वडा खातानाही मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आज लाज वाटते. त्या बिचाऱ्याच्या मनात वड्यापलीकडे काही नव्हतं.

घरी येऊन मी वहीत चार आकडे एकाखाली एक लिहिले. दोन पॉइंट त्र्याहत्तर. तीन पॉइंट एकोणसत्तर. तीन पॉइंट आठ. चार. माणूस तोच, मार्क तेच. आबांना दाखवलं, तर त्यांनी चष्मा लावून ती वही बराच वेळ बघितली.

"इंचाचं मिलिमीटर करताना आम्ही पंचवीस पॉइंट चारनं गुणतो," ते म्हणाले. "त्यात कुणाचं मत इचारत न्हाय. हितं चौघं चार मापं सांगत्यात म्हंजे एकाकडं बी गेज न्हाय."

"मग मी काय लिहू?"

"ज्याच्याकडं गेज हाय त्याला इचार."

गेज होतं ते विभागप्रमुख मॅडमकडे. बंद पाकिटातला आकडा त्याच काढणार होत्या.

मॅडम पन्नाशीच्या होत्या. आवाज खणखणीत, लॅबच्या दारात उभ्या राहून बोलल्या तरी शेवटच्या ओट्यावरचा मुलगा दचकायचा. कोल्हापूरच्या पुष्कळ बायका बोलतात तसं त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी करतो' असंच बोलायच्या. शिकवायच्या उत्तम. पण त्यांचं आणि माझं एक जुनं होतं. म्हणजे माझ्या बाजूने होतं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी टायट्रेशनचं प्रॅक्टिकल होतं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचे, रंग बदलला की थांबायचं, किती द्रावण लागलं ते जर्नलमध्ये लिहायचं आणि मॅडमची सही घ्यायची. माझं नऊ पॉइंट आठ आलं. बाकीच्या सगळ्यांच्या जर्नलवर मॅडमनी बघून सह्या केल्या. माझं जर्नल उघडलं, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "परत करून दाखव. माझ्यासमोर."

सगळा वर्ग हात धुवून निघाला होता. मी ब्युरेट पुन्हा भरली. भीती नव्हती, संताप होता. त्या शेजारी हाताची घडी घालून उभ्या. पुन्हा नऊ पॉइंट आठ आलं. त्यांनी जर्नलवर एक सही केली, तिच्याखाली दुसरी केली, दोन्हींपुढे वेळ घातली आणि काहीही न बोलता निघून गेल्या.

हे एकदा झालं असतं तर मी विसरलो असतो. पण ते प्रत्येक सत्रात व्हायला लागलं. अधूनमधून एखादं प्रॅक्टिकल त्या मला पुन्हा करायला लावायच्या, समोर उभ्या राहायच्या, आणि दोन सह्या करायच्या. दुसऱ्या कुणाच्याही जर्नलमध्ये दोन सह्या नव्हत्या. मी सगळ्यांची जर्नलं काही ना काही निमित्ताने मागून घेऊन तपासली होती. शेवटी मी अर्थ लावला, आणि मला दुसरा कुठला सुचलाही नाही. बाईंना माझे मार्क खरे वाटत नाहीत. बोर्डासमोरचा तो मुलगा निदान पाठीमागून तरी बोलला होता.

तर अशा बाईंना जाऊन मी विचारायचं होतं, की मी चारपैकी किती?

डिसेंबरातला शनिवार होता. शिफारसपत्राचा कागद मी मॅडमना आधीच देऊन ठेवला होता, आणि त्यांच्या टेबलावर पाकीट तयारच होतं. लांबट, खाकी, जोडावर डिंक लावून चिकटवलेलं, त्यावर शाईच्या पेनाने सही आणि विभागाचा जांभळा गोल शिक्का.

"घे. तुझ्या फॉर्मसोबत सोमवारी पाठवून टाक," मॅडम म्हणाल्या. "नाताळाच्या आधी सुटायला पायजे हितनं."

"मॅडम, त्यात तो आकडा पण आहे?"

"हाय की. त्याच्याशिवाय मागत न्हाईत ते."

"किती आलाय?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "फॉर्म वाचलास न्हवं? विद्यार्थ्यानं बघायचं न्हाय असं लिहिलंय. मग मी कसं सांगू?"

"पण मॅडम, मला पण तोच आकडा लिहायचाय. मी काय लिहू?"

"खरं लिही की," असं म्हणून त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला.

खरं लिही! चारांतलं कुठलं खरं, हेच तर मी विचारायला आलो होतो. गडमुडशिंगीला जाणाऱ्या बसमध्ये पाकीट मांडीवर घेऊन मी बसलो आणि त्या दोन शब्दांचा कीस पाडत राहिलो. खरं लिही, म्हणजे हा मुलगा खोटं लिहील असं बाईंना वाटतंय. त्यांनी आत पंचवीसने भागून दोन पॉइंट त्र्याहत्तर लिहिलं असेल आणि मी तीन पॉइंट एकोणसत्तर लिहिलं, तर दोन्ही कागद एकाच टेबलावर उघडतील आणि मी खोटारडा ठरेन. त्यांनी तीनच्या वर लिहिलं असेल आणि मी दोन पॉइंट त्र्याहत्तर लिहिलं, तर माझा अर्ज त्या टेबलापर्यंत पोचणारच नाही. मी स्वतःच्या हाताने स्वतःला लाल ठिपका दिलेला असेल. आणि शिफारसपत्रात त्यांनी त्या दोन सह्यांबद्दल काही लिहिलं असेल तर? याच्या प्रयोगांची मला नेहमी खात्री करून घ्यावी लागली, असं? बसमध्ये गर्दी होती, शेजारच्या बाईची भाजीची पिशवी माझ्या पायावर होती, आणि मी मांडीवरचं पाकीट उलटंसुलटं करत होतो.

रविवारी दुपारी आई विहारात वंदनेला गेली. आबांची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे ते कामावर. घरात मी एकटा. मी पाकीट खिडकीतल्या उन्हात धरून बघितलं. आतला कागद दुहेरी होता, काही दिसेना. कडेने बोट घालून बघितलं, डिंक पक्का होता. मग मी गॅसवर चहाच्या पातेल्यात नुसतं पाणी ठेवलं.

मी केमिस्ट्रीचा विद्यार्थी होतो. डिंक वाफेने सुटतो हे मला माहीत होतं. शाई वाफेने पसरते हेही मला माहीत होतं, पण ते मला सुचलं ते पाकीट वाफेवर धरल्यानंतर. डिंक सुटला, झाकण अलगद उघडलं, मी खूश झालो, आणि बघतो तर मॅडमच्या सहीला पाय फुटले होते. निळी शाई जोडाच्या दोन्ही बाजूंना पसरली होती आणि शिक्क्याचा गोल जांभळट डाग झाला होता. आता ते पुन्हा चिकटवून काही होणार नव्हतं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो, आणि आता झालंच आहे तर, म्हणून आतले कागद काढले.

दोन होते. पहिल्यावर तक्ता होता. माझे चोवीसच्या चोवीस पेपर मॅडमनी हाताने एकाखाली एक लिहिले होते. सत्तरच्या वरच्याला चार, साठच्या वरच्याला साडेतीन, पन्नासच्या वरच्याला तीन. आमच्याकडे साठला पहिला वर्ग का म्हणतात, त्या वर्षी वर्गात तो किती जणांना मिळाला, परीक्षक ऐंशीच्या वर का जात नाहीत, हे खाली चार ओळींत समजावलं होतं. शेवटी बेरीज, भागाकार, आणि आकडा: तीन पॉइंट त्र्याहत्तर. माझ्याच आकड्यात पूर्ण एक मिळवलेला. मी सवयीने बेरीज केली. बरोबर होती.

दुसरा कागद शिफारसपत्राचा. इंग्रजीत, टाईप केलेला, एका पानाचा. बरंचसं सगळ्या शिफारसपत्रांत असतं तसंच होतं. मधला एक परिच्छेद मात्र मी तीनदा वाचला. त्याचा अर्थ असा: हा विद्यार्थी ज्या समाजातून येतो, त्या समाजातल्या मुलांच्या मार्कांवर आमच्याकडे लोक शंका घेतात. बाहेरून येणारे परीक्षकही घेतात, हे मी पूर्वी एका विद्यार्थिनीच्या बाबतीत बघितलं आहे आणि तेव्हा माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. म्हणून या विद्यार्थ्याचे प्रयोग मी माझ्यासमोर पुन्हा करून घेतले आणि प्रत्येकावर दोनदा सही केली. चार वर्षांत एकाही परीक्षकाला त्याचा एकही मार्क कमी करता आला नाही. त्याचे मार्क त्याचे स्वतःचे आहेत, याची साक्ष मी देते.

मला रडू आलं, हे सांगायला हरकत नाही. आणि रडता रडता रागही आला. एवढं होतं तर एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? चार वर्षं मी त्या बाईंना मनातल्या मनात शिव्या देत होतो. सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता का, हा प्रश्न मला पुढे कधीतरी पडला. त्याचं उत्तर मला फारसं आवडलेलं नाही.

आई विहारातून आली तेव्हा मी गॅस पुसत होतो. ती म्हणाली, "आज काय गॅस पुसतोस, बरा हाईस न्हवं?" मी बरा आहे म्हणालो.

सोमवारी सकाळी कॉलेज उघडायच्या वेळेला मी मॅडमच्या दारात उभा होतो. रात्रभर मी ठरवलं होतं, खरं सांगायचं. बसमध्येही तेच ठरवलं होतं. त्यांच्यासमोर उभा राहिल्यावर तोंडातून निघालं ते हे, "मॅडम, आईच्या हातून पाकिटावर पाणी सांडलं. दुसरं द्याल का?"

त्यांनी पाकीट हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. खालची बाजू कडक, कोरडी होती, पत्त्याची शाई जशीच्या तशी होती, फक्त जोडावर तेवढा डाग. तीस वर्षं रसायनं हाताळलेल्या बाई त्या. त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला.

"पाणी सांडलं," त्या म्हणाल्या, "आणि तोंडच तेवढं भिजलं?"

मला वाटलं, आता त्यांचा आवाज चढेल, लॅबमधून पोरं बघायला येतील. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. एवढी मोठ्याने बोलणारी बाई गप्प बसली की खोलीत उभं राहवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी आतले दोन्ही कागद काढून बघितले, ते ठीक होते. खणातून नवं पाकीट काढलं, कागद घडी घालून आत सरकवले, डिंक लावला, सही केली, शिक्का मारला.

"तुझा फॉर्म आणलायस?"

मी पिशवीतून काढून पुढे ठेवला. त्यांनी तिसरं पान उलटलं. चौकोन कोराच होता.

"लिही की मग," त्या म्हणाल्या. "आता बघितलायस न्हवं आकडा."

"मॅडम, मी…"

"लिही."

मी त्यांच्याच पेनाने तीन पॉइंट त्र्याहत्तर लिहिलं. तो आकडा खरा होता, माझ्या स्वतःच्या चोवीस पेपरांचा होता, आणि लिहिताना मला कॉपी करताना पकडल्यासारखं वाटलं. आयुष्यात मी कधी कॉपी केली नव्हती. ते मला त्यांना सांगावंसं वाटलं, पण आता माझं तोंड त्या लायकीचं राहिलं नव्हतं. आईचं नाव घेऊन मी नुकतंच त्यांच्यासमोर खोटं बोललो होतो.

त्यांनी फॉर्म घेतला, पाकिटासोबत मोठ्या लिफाफ्यात घातला आणि तो बंद केला. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी लिफाफा आपल्याच बाजूला ठेवला आणि बेल वाजवली. विभागाचे शिपाई आत आले. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो.

"मामा, हे आत्ताच्या आत्ता पोस्टात नेऊन द्या," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही स्वतः द्या. ह्याच्याकडं देऊ नका."

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, लिफाफा काखेत मारला आणि निघाले. एरवी मी त्यांच्या मागोमाग पोस्टापर्यंत गेलो असतो, खिडकीवर दिला की नाही ते लांबून बघितलं असतं, आणि पावतीवरचा पत्ता दोनदा वाचला असता. त्या दिवशी गेलो नाही. एप्रिलमध्ये प्रवेशाचं पत्र आलं, तेव्हा कळलं की मामांनी तो पोस्टात दिला होता.